समोरच्या इमारतीवरील धुराची मोहीम

प्रथम वाऱ्यास वंदन, मग सत्यास. कारण सत्य या हकीकतीत फारसे फिरकले नाही. ऐकणारांनी नाके झाकून ऐकावे.

सोसायटीचे चेअरमन, सकलबुद्धिनिधान, अखंड खुर्चीनशीन, यांचा शिरस्ता ऐसा की, ओला-सुका कचरा निवडून गाडीत देणे म्हणजे इभ्रतीस बट्टा, सबब रोज सकाळी मागील अंगणात ढीग पेटवावा आणि वाऱ्याने तो धूर समोरच्या इमारतीत पोचता करावा. वारा हा सोसायटीचा बिनपगारी सरदार. समोरचे खोकत आणि हे त्यांस नाजूक म्हणत.

मग हिवाळा पडला आणि थंड हवा जमिनीस बिलगून बसली आणि तिजवर उबदार हवेने, पातेल्यावर झाकण बसावे तैसे, ठाण मांडले आणि वारा न सांगता रजेवर गेला. धूर वर जाईना, समोर जाईना. तो जिना चढून घराघरांत शिरला. ऐसा दाट की, कबुतरे उडणे सोडून कठडा धरधरून गच्चीवर जाऊ लागली. खासा चेअरमनसाहेबांच्या मातोश्रींचा दमा उसळला, छाती शिट्टीसारखी वाजू लागली, जिवावर बेतले.

तेव्हा मसलत भरली. आग आपलीच, हे कोणाच्या तोंडून निसटू नये याची सर्वांनी खबरदारी घेतली आणि ठराव जाहला की, हा धूर समोरच्यांनी सूडबुद्धीने परत पाठविला. मग सेक्रेटरी तोंडास रुमाल बांधून वकिलीस रवाना जाहले. समोर चेअरमनसाहेबांची सख्खी धाकटी बहीण राहत असे. तिने त्यांस दारातच गाठले.

"दादाला म्हणावं, काडी तूच ओढायची आणि जाब आम्हाला विचारायचा? आधी आईला इकडे पाठव. जीव घेशील तिचा!"

साहेबांनी ही शत्रूची शरणागती समजून मातोश्रींस खुर्चीत बसवून समोर धाडिले आणि धुरास धुरानेच रेटावे म्हणून ढीग दुप्पट पेटविण्याचा हुकूम फर्माविला.

इतक्यात ऊन चढले, झाकण उडाले, वारा चाकरीवर रुजू जाहला आणि अवघा धूर उचलून समोर घेऊन गेला. सोसायटीत टाळ्यांचा कडकडाट जाहला. समोरच्या खिडकीत मातोश्री छाती धरून हात हालवीत ओरडल्या, "अरे मेल्या, विझव ते!" टाळ्यांत ऐकू आले नाही. आशीर्वाद समजून साहेबांनी लवून मुजरा केला.

येणेप्रमाणे धुराचा मोड होऊन सोसायटीची फत्ते जाहली. आपल्याकडील जायबंदी कोणी नाही. मातोश्री शत्रूच्या मुलखात होत्या, सबब त्यांस मोजले नाही.