पहिल्या हौदाचा ताप

“बत्तीस वर्षांत माझ्या हाताखाली एकही पेशंट दगावला नाही, मग हा हौद कसा दगावेल? लिहून घ्या!”

कंपाउंडरकाकांनी सोसायटीच्या सभेत छातीठोकपणे हे सांगितलं आणि सेक्रेटरींनी खरंच लिहून घेतलं. माणसाने फुशारकी मारावी हो, पण वहीपेन घेतलेल्या माणसासमोर मारू नये!

प्रकरण असं होतं. इमारतीच्या मागे खताचे दोन हौद होते. घरोघरचा ओला कचरा काकांच्या देखरेखीखाली तिथे जायचा. पहिला हौद भरून बंद केल्याला तीन महिने झाले होते. आता कचरा विभागाच्या मॅडम तो तपासायला येणार होत्या. पास झाला तर कोपरा खताचा. नापास झाला तर हौद फोडून तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची दुसरी गाडी. सभेत तसा ठरावच झाला होता.

आणि तो कोपरा गेला तर काकांनी जायचं कुठे? दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर ते वर्षभर घरी होते. त्या वर्षात त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवली. साखरेवर ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये’, मिठावर ‘दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर’. काकूंनी देव पाण्यात घातले होते. खताचं काम आलं आणि दोघांचाही संसार वाचला.

आता कंपाउंडरला खत दिलं तर तो काय करणार? ताप बघणार! काकांनी लांब दांड्याचं थर्मामीटर आणलं, भिंतीवर तक्ता लावला आणि सकाळ-संध्याकाळ पारा टिपायला लागले. पहिल्या आठवड्यात पारा बासष्टवर गेला, तेव्हा घरात पहिलं नातवंड आल्यासारखे ते जिन्याजिन्यात सांगत सुटले. मग पारा उतरायला लागला. पन्नास. चाळीस. महिन्याभरापूर्वी एकोणतीस, आणि तिथेच मुक्काम!

काकांची झोप उडाली. हौदावर गोणपाट घातलं, त्यावर स्वतःचा स्वेटर घातला. शेजारी हळू आवाजात विचारायचे, “काका, कसं आहे आता?” काका नुसतीच मान हलवायचे. खरं काय ते सांगायची हिंमत होत नव्हती. सभेत ‘लिहून घ्या’ म्हणून बसलेले ना!

तपासणीच्या दिवशी सकाळी सहाला काका शाल पांघरून निघाले.

“अहो, कुठे?” काकूंनी विचारलं.

“फिरायला.”

“पोटाशी काय धरलंय?”

“काही नाही. पोट दुखतंय जरा.”

“पोट दुखतंय तर फिरायला कशाला?”

“मोकळं होईल!” असं म्हणून काका सटकले. शालीत शेकायची रबरी पिशवी होती, उकळत्या पाण्याने भरलेली. हौदाच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी ती हातभर खोल पुरली. परत येऊन अंघोळ केली, पण मनातली टोचणी काही धुतली जाईना. आयुष्यात कधी खोटा ताप लिहिला नव्हता हो या माणसाने!

दहा वाजता मॅडम आल्या. हातात खत उकरायचं दाताळं, खांद्याला पिशवी. सगळी इमारत खाली जमली. दातांचे डॉक्टरही ‘सहज’ आले होते. खिशातून मोजपट्टी डोकावत होती.

“मॅडम, आधी ताप बघा!” काकांनी घाईघाईने उजव्या कोपऱ्यात थर्मामीटर खुपसलं. अठ्ठावन्न! काकांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की बिचाऱ्यांनी मोजपट्टी आत ढकलली.

“मधे बघू,” मॅडम म्हणाल्या.

मधेही चोपन्न! काका चक्रावले. तिथे तर त्यांनी काहीच पुरलं नव्हतं!

“आता डावीकडे.”

डावीकडे सात.

“सात?” काकांना घाम फुटला. “डोकं तापलंय आणि पाय गार! मॅडम, ही लक्षणं चांगली नाहीत!”

मॅडमनी दाताळं घातलं. उजवीकडून लाल रबरी पिशवी वर आली.

“हे काय?”

काका आकाशाकडे बघायला लागले. मॅडमनी मधे दाताळं घातलं. दुसरी पिशवी वर आली, फुलाफुलांच्या कव्हरातली.

“अगं, ही तर तुझ्या गुडघ्याची!” काका ओरडले.

“मग काय करू?” काकूंनी पदर सावरला. “तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा ठेवून आले. हा कोपरा गेला की पुन्हा माझ्या डब्यांना चिठ्ठ्या लावत बसाल!”

डावीकडून निळ्या रंगाच्या चार छोट्या पिशव्या निघाल्या, बर्फासारख्या गार. दात काढल्यावर गालाला लावायला देतात तशा. सगळ्यांच्या माना एकदम डॉक्टरांकडे वळल्या.

“मला वाटलं,” डॉक्टर घसा खाकरत म्हणाले, “हौदाला जरा सूज आलीये.”

काय हशा पिकला! पण काकांना हसू येईना. मॅडम कागदावर काहीतरी लिहीत होत्या आणि काकांना समोर फुटलेला हौद दिसत होता. शेवटी त्यांना राहवेना.

“मॅडम, चूक माझीच,” ते पुढे होऊन म्हणाले. “हौद महिन्यापूर्वीच गेला. गारठून गेला. मी कोणाला सांगितलं नाही. जो काही शेरा द्यायचा तो मला द्या, दुसऱ्या हौदाला देऊ नका. तो अजून चांगला तापतोय.”

मॅडमनी वाकून तळातून मूठभर काढलं. काळंभोर, भुसभुशीत. नाकाशी धरलं.

“गेला? काका, हे खत झालंय! कुजायचं सगळं कुजून झालं की ढीग आपोआप गार पडतो. महिन्याभरापासून तयार आहे हे. उलट सगळीकडे अठ्ठावन्न दिसलं असतं ना, तर ‘खत अपक्व’ म्हणून मी नापास करून निघून गेले असते. डावीकडे सात आलं म्हणून तर खणलं!”

टाळ्या पडल्या. काकांनी जाऊन डॉक्टरांचे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून आभार मानले. डॉक्टरांचा चेहरा मात्र स्वतःचीच दाढ उपटल्यासारखा झाला होता.

काकूंनी आपली पिशवी झटकली, कव्हर सारखं केलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, “अहो, बत्तीस वर्षं दवाखान्यात काढलीत ना? ताप उतरला की पेशंट बरा झाला, एवढंही कळू नये?”

काकांनी आजूबाजूला पाहिलं. सेक्रेटरी पुन्हा लिहून घेत होते.

“बरा झाला की नाही ते डॉक्टर ठरवायचे,” काका पुटपुटले. “मी आपला आकडा लिहायचो.”