खंड न पडता गोझेनडीक

ब्रोकेनहोर्स्ट येथील 'गोझेनडीक आडनाव संवर्धन मंडळ' या नोंदणीकृत संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा मार्च महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी ठीक अकरा वाजता, 'सोनेरी नांगर' या खाणावळीच्या मागच्या खोलीत भरली. विषयपत्रिकेवर आठ विषय होते. सातवा विषय होता एक मीटर रुंद आणि दोन मीटर वीस सेंटिमीटर लांब अशा एका जागेचा.

सभेचा वृत्तान्त लिहायला मी होतो. आपल्या मुलखातून इथे येऊन गावच्या दप्तरखान्यात मी सव्वीस वर्षं नोकरी करतो आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्यांचं गिचमिड अक्षर मला वाचता येतं. मंडळाच्या घटनेनुसार वृत्तान्तलेखक सभासद असायची गरज नाही. शिवाय नऊ सभासदांपैकी एकालाही ते काम नको होतं. सगळ्यांचं आडनाव एकच, त्यामुळे 'गोझेनडीकसाहेबांनी गोझेनडीकसाहेबांच्या सूचनेला विरोध केला, गोझेनडीकबाईंनी अनुमोदन दिलं' अशी वाक्यं लिहून लिहून आधीचा लेखक घायकुतीला आला होता. मी सोयीसाठी त्यांची पाळण्यातली नावं वापरतो.

अध्यक्ष ओटोकार, वय एक्याऐंशी, निवृत्त भूमापक. सबंध देशात गोझेनडीक किती आणि कुठे, याचा एक नकाशा त्यांनी स्वतः तयार केला होता आणि प्रत्येक माणसामागे एक लाल टाचणी त्यात टोचली होती. वर्षानुवर्षं टाचण्या एकोणीस. मग आल्मुट गोझेनडीक या शाळामास्तरणीनं रुश्तू नावाच्या माणसाशी लग्न केलं. हा परमुलखातून आलेला, बॉयलर दुरुस्त करणारा गडी. लग्नाच्या नोंदणीवेळी त्यानं आपलं नाव सोडून बायकोचं घेतलं, कायद्यानं घेता येतं. पुढे तीन मुलं झाली. टाचण्या तेवीस झाल्या. त्या साली मंडळाच्या अहवालात ओटोकारनी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'दुर्मिळ आडनावाच्या प्रसारात एकवीस टक्क्यांची ऐतिहासिक वाढ', आणि शेजारी तिन्ही मुलांचा फोटो. रुश्तूचा फोटो जागेअभावी राहिला.

गेल्या नोव्हेंबरात आल्मुट वारली. गावच्या दफनभूमीत कुंपणालगतची एक अख्खी रांग मंडळाच्या नावावर आहे, तिथे तिला ठेवलं. महिनाभरानं रुश्तूचं पत्र आलं. ते मीच सभेत वाचून दाखवलं. 'माझ्या बायकोच्या डाव्या हाताची जागा रिकामी आहे. ती माझ्यासाठी राखून ठेवावी ही विनंती. एकतीस वर्षं मी पलंगावर डावीकडेच झोपलो आहे. हृदयाची दोन ऑपरेशनं झाली, म्हणून आत्ताच विचारतो आहे.' 'डावीकडेच' हा शब्द मी दोनदा वाचला. हेही वृत्तान्तात लिहायला हवं होतं, पण तसा रकाना नाही.

"वैयक्तिक आक्षेप कुणाचाच नाही," ओटोकारनी सुरुवात केली. ज्याला आक्षेप असतो तो अशीच सुरुवात करतो.

"अहो, माणूस म्हणजे सोनं आहे," उपाध्यक्षा रोझविटाबाई प्लमच्या केकवर साय घालत म्हणाल्या. "ऐन नाताळात, सुट्टीच्या दिवशी येऊन त्यानं माझा बॉयलर नीट करून दिला. पैसे विचारले तर म्हणाला, राहू दे काकू, आपण एकाच आडनावाचे."

"म्हणजे जागा द्यायची?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

"छे! बॉयलर वेगळा आणि तत्त्व वेगळं," रोझविटाबाई म्हणाल्या. "उद्या प्रत्येक जण गोझेनडीक मुलगी बघून लग्न करेल आणि आपल्या रांगेत येऊन आडवा होईल."

गोझेनडीक घराण्यात लग्नाची अशी शेवटची मुलगी आल्मुटच होती, आणि रोझविटाबाई स्वतः अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. तेव्हा हा धोका नेमका कुठून येणार, हे कुणी विचारलं नाही.

ओटोकारनी घसा खाकरला आणि खिशातून टंकलिखित कागद काढला. ही माणसं उत्स्फूर्त काही करत नाहीत, उत्स्फूर्तपणासुद्धा घरून लिहून आणतात. ठराव असा होता: 'कलम चार-अ. गोझेनडीक म्हणजे अशी व्यक्ती, की जिला हे नाव पित्याकडून, पित्याला त्याच्या पित्याकडून, याप्रमाणे मुळापासून खंड न पडता मिळालेलं आहे. अशा व्यक्तीलाच सभासदत्व आणि रांगेतली जागा यांचा हक्क राहील.'

"यात रुश्तूंचं नाव कुठेही नाही, हे कृपया लक्षात घ्या," ओटोकार म्हणाले. "आम्ही भेदभाव करत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

ठराव नऊ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. आणि नियम सगळ्यांना सारखा असल्यामुळे नऊही जणांनी आपल्या मुळाचा दाखला सादर करावा, असंही त्याच दमात ठरलं. मला वाटतं, जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्याही गावात हे दुसरं वाक्य कुणी उच्चारलं नसतं. नियम काय, दुसऱ्यांसाठीच असतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. पण इथली माणसं ढोंगसुद्धा शिस्तीत करतात.

दाखल्याचं काम माझ्याकडे आलं. ओटोकारनी मदत म्हणून आपल्या वडिलांची कातडी बांधणीची एक पुस्तिका दिली. एकोणीसशे सदतीस सालचे शिक्के होते तिच्यात. त्या राजवटीत नोकरी टिकवायची तर शुद्ध रक्ताची वंशावळ दाखवणारी असली पुस्तिका खिशात लागत असे, आणि ज्यांच्याजवळ ती नसे त्या माणसांचं पुढे काय झालं ते या गावात मोठ्यानं बोलत नाहीत.

"यात सगळं सिद्ध केलेलं आहे," ओटोकार म्हणाले.

"यात अठराशे सालापर्यंतच आहे, साहेब."

"तेव्हा तेवढंच विचारत. तुम्ही पुढे न्या. मूळपुरुष सरदार असणार, आमच्या कुलचिन्हाच्या ढालीवर राजहंस आहे."

ढाल मंडळानंच नव्वद साली एका चित्रकाराकडून काढून घेतली होती.

मी चर्चच्या जुन्या वह्या उघडून बसलो. चौथ्या दिवशी मूळ सापडलं. आडनावाचं मूळ सरदार नव्हता, माणूससुद्धा नव्हता. ते होतं एक शेत. गावाबाहेर एक डबकं होतं, त्यात बदकं पोहत, म्हणून शेजारच्या शेतघराला म्हणत गोझेनडीक, म्हणजे इकडच्या जुन्या बोलीत बदकांचं डबकं. इकडे जुना रिवाज असा, की नाव माणसाचं नसे, शेताचं असे. जो त्या शेतात राहील त्याला ते नाव. मुलगा नसला तर मुलीला घरजावई आणायचा, आणि घरजावयानं आपलं जुनं नाव लाकडी बुटांबरोबर दाराबाहेर काढून ठेवून आत यायचं.

आणि घरजावई एक नव्हे, तीन निघाले. सोळाशे एकोणनव्वद साली योरान नावाचा, पगार थकल्यामुळे पलटण सोडलेला स्वीडिश शिपाई. सतराशे एक्केचाळीस साली गावोगाव फिरून किटल्या आणि पातेली सांधणारा एक कल्हईवाला. त्याच्या गावापुढे पाद्र्यानं 'ठाऊक नाही' असं लिहिलं होतं. अठराशे नऊ साली फ्रेंच फौजेतून पळून गवताच्या गंजीत लपलेला बाप्टिस्ट नावाचा शिपाई. गंजी गोझेनडीकांची होती आणि ती उपसायला गेली घरची थोरली मुलगी. लग्नाच्या नोंदीत घाई दिसते, आणि बारशाची नोंद पाच महिन्यांनी आहे. आजचे एकूण एक गोझेनडीक त्या बारशातून आलेले. सदतीस सालच्या पुस्तिकेत बाप्टिस्टच्या जागी शाईचा मोठा डाग होता.

एप्रिलच्या विशेष सभेत मी अहवाल वाचला. केकची बशी कुणी हलवली नाही.

"म्हणजे पित्याकडून पित्याला..." ओटोकारनी विचारलं.

"तीन ठिकाणी खंड, साहेब. तिन्ही वेळा नाव बायकोकडून आलं. रुश्तूंना आलं तसंच."

"तसंच कसं?" रोझविटाबाई उसळल्या. "ते जुने होते!"

"जुने आत्ता झाले, बाई. आले तेव्हा तेही नवीनच होते."

"मग नियम बदला की! कलम चार-अ रद्द. हात वर करा सगळ्यांनी."

आठ हात वर गेले. ओटोकारांचा गेला नाही. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याबद्दल, सगळी चीड बाजूला ठेवून सांगतो, थोडा आदर वाटला. आणि लगेच भीतीही वाटली.

"हात खाली करा," ते म्हणाले. "नियम बदलायचा अधिकार सभासदांना आहे. कलम चार-अ प्रमाणे या खोलीत सभासद कोण?"

कुणीच नव्हतं. नियम होता, आणि तो बदलू शकेल असा एकही माणूस पृथ्वीवर नव्हता. सभा सभासदांअभावी संपली. केक शिल्लक होता म्हणून लोक थोडा वेळ बसले.

आपल्याकडे अशा वेळी अहवाल गहाळ होतो. ओटोकारनी त्याच संध्याकाळी नोंदणी न्यायालयाला रजिस्टर पत्र धाडलं, की मंडळाची सभासदसंख्या शून्य असल्याचं निष्पन्न झालं आहे, तरी पुढील कार्यवाही व्हावी. तीनपेक्षा कमी सभासद असले की संस्था गुंडाळतात. न्यायालयानं गुंडाळली. संस्था उरली नाही म्हणून दफनभूमीच्या कार्यालयानं रांगेचा हक्क संपल्याचं नोंदवलं, आणि नियमाप्रमाणे प्रत्येक दगडावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'हक्कधारकाने तीन महिन्यांत संपर्क साधावा, अन्यथा जागा सपाट करण्यात येईल.' ओटोकारांच्या आईच्या दगडावर चिठ्ठी लागली. बाप्टिस्टच्या नातवाच्या लागली. आल्मुटच्या मातीवर अजून दगड बसायचा होता, तर लाकडी पाटीवर लावली.

रुश्तू दर रविवारी फुलं घेऊन जाई. त्यानं ती चिठ्ठी पाहिली आणि तसाच माझ्या दारात येऊन उभा राहिला, हातात फुलं तशीच.

"हे लोक तिला उकरणार का रे?" त्यानं विचारलं. "मला जागा नको म्हण. मी नाही मागत. तिला राहू दे म्हणून सांग त्यांना."

मी त्याला सोमवारी सकाळी कार्यालयात घेऊन गेलो. तिथली बाई तिशीतली होती आणि तिला जेवायच्या सुट्टीआधी काम आटपायचं होतं.

"रांगेत शेवटचं दफन कुणाचं?"

"माझ्या बायकोचं."

"मग हक्क तुमच्याकडे येतो. पूर्ण रांगेचा. आडनाव?"

"गोझेनडीक," रुश्तू म्हणाला, आणि पुढचा प्रश्न ऐकायला मान खाली घालून थांबला.

पुढचा प्रश्न नव्हता. तिच्या अर्जात तेवढाच रकाना होता. चार मिनिटांत रुश्तू गोझेनडीकांच्या सबंध रांगेचा, अकरा रिकाम्या जागांसकट, मालक झाला. बाहेर आल्यावर तो दफनभूमीत गेला, एकेका दगडावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि मग आल्मुटपाशी बराच वेळ बसला.

जूनमध्ये ओटोकार त्याच्या घरी आले. कोट, टाय, हातात लिफाफा. मी तिथेच चहा घेत होतो. ते बसले नाहीत.

"गोझेनडीकसाहेब," ते रुश्तूला म्हणाले. हे संबोधन त्यांनी त्याला पहिल्यांदाच लावलं. "मी अर्ज घेऊन आलो आहे. माझ्या आईच्या शेजारी एक जागा आहे. मी सर्व अटींची पूर्तता करीन."

"अटी?" रुश्तूनं माझ्याकडे पाहिलं. "अटी काय असतात?"

"तू बस, मी करतो," मी म्हणालो. सव्वीस वर्षांची सवय. कागद ओढला, पट्टी घेतली, रेघा मारल्या आणि वरच्या ओळीत सुबक अक्षरात रकाने लिहिले: नाव. आडनाव. मूळ आडनाव. मूळ गाव. वडील कोणापैकी.

रुश्तू माझ्या खांद्यावरून वाचत होता. "हे शेवटचं काय?"

"काही नाही रे. नोंद असलेली बरी."

"हे इथे येऊन शिकलास? यांच्याकडून?"

हो म्हणायची फार इच्छा झाली. समोर ओटोकार होते, शिव्या द्यायला सोयीचे. पण रुश्तूच्या घरात बसून खोटं बोलवेना.

"नाही," मी म्हणालो. "येतानाच घेऊन आलो होतो."

त्यानं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर एकच ओळ लिहिली आणि पेन ओटोकारांच्या हातात दिलं. ओळ होती, 'कोणाशेजारी?' ओटोकारनी चष्मा पुसला आणि आईचं नाव लिहिलं. पाळण्यातलं, नुसतं.

मी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला. तुम्ही ओटोकारला यथेच्छ हसला असाल, हसायलाच हवं. पण सांगणाऱ्यानं अजून आपलं आडनाव सांगितलेलं नाही, हे तुम्हाला कितव्या ओळीला टोचलं, आणि ते कळल्यावर तुम्ही मला नेमकं कोणाशेजारी बसवणार होतात?