साडूसारखं उलटं उभं राहणं

माझा साडू डोक्यावर उभा राहतो, हे मला बायकोच्या फोनमधून कळलं. माणूस बँकेतून निवृत्त झालाय. वेळ आहे. राहू दे उभा, कशावर राहायचं त्यावर.

पण त्याने फोटो टाकला. पाय वर, डोकं खाली, चेहऱ्यावर हसू. खाली लोकांनी अंगठे आणि बदाम दिलेले. बायकोने फोटो मोठा करून बघितला. म्हणाली, "या वयात!" मग माझ्याकडे बघितलं. पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं.

त्यानंतर रोज तेच. आज साडू एका पायावर. उद्या साडू पाय मानेवर घेऊन. (जन्मभर खुर्चीत बसलेला माणूस असा लवचीक राहतोच कसा?) मी सुतार. दारं केली, कपाटं केली, घाम गाळला. आणि बायको फोनकडे बघून म्हणते, "भावोजींनी शरीर कसं ठेवलंय!"

मी ठरवलं. एकच फोटो. तो घरच्या ग्रुपवर जायचा, साडूने बघायचा, आणि बायकोने पुन्हा "या वयात" म्हणायचं. पण या वेळी माझ्याबद्दल.

शिकत बसायला मला सवड नव्हती. मी फळी केली.

फळी भिंतीला पक्की ठोकली. तिला घोट्यांच्या मापाच्या दोन खाचा पाडल्या. वरून दुसरी फळी, बिजागरीवर. पाय खाचांत ठेवले की वरची फळी पडणार आणि खिट्टी आपोआप बसणार. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, भिंतीवर साधं फडताळ आहे. डोकं जमिनीला टेकून मान दुखू नये म्हणून सगळं जरा उंचावरच बसवलं. खिट्टी चारचारदा उघडून बघितली. लोण्यासारखी सरकत होती.

बायको म्हणाली, "हे नक्की काय आहे?"

"फोटो काढायला ये. प्रश्न नकोत."

हात जमिनीवर टेकले, भिंतीवर पाय चढवले, बायकोने मागून ढकललं. खिट्टी बसली. खट्! काय आवाज होता! काम सैल असेल तर असा आवाज येत नाही.

"काढ फोटो."

"हसा की."

"हसतोय."

"मग रडल्यासारखं का दिसतंय?"

"मी उलटा आहे!"

तेवढ्यात सदरा घसरला आणि तोंडावर आला. मला काही दिसेना.

"अहो, तोंड दिसत नाही. नुसतं पोट येतंय."

"येऊ दे. काढ लवकर!"

"काढला."

"आता खिट्टी ओढ."

तिने ओढली. खिट्टी हलली नाही. तिने दोन्ही हातांनी ओढली. तरी नाही. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (डोक्यात त्या वेळी रक्तही पुष्कळ जमा झालं होतं.) मी खिट्टी तपासली होती, पण फळी रिकामी असताना. कपाटाची खिट्टी अशीच तपासतात. पण कपाटात माणूस लटकत नाही. आता माझं सगळं वजन फळीवर होतं आणि खिट्टी त्याखाली दाबून बसली होती. कुणीतरी मला उचलल्याशिवाय ती सुटणार नव्हती.

"करवत आणू?" बायको म्हणाली.

"खबरदार! चांगलं लाकूड आहे."

"मग काय, पाय कापू?"

"शेजाऱ्याला बोलाव. पण साडूला कळता कामा नये. काय वाटेल ते होवो, त्याला कळता कामा नये."

"अगंबाई!" बायको म्हणाली.

"काय झालं?"

"फोटो पाठवलाय ग्रुपवर. तुम्हीच म्हणाला होतात, निघाला की लगेच पाठव."

मी सदऱ्याच्या आत डोळे मिटले. मग विचार केला, तोंड तर दिसत नाहीये. पोट कुणाचंही असू शकतं.

दार वाजलं. साडू शेजारच्याच गल्लीत राहतो.

"ताई, पोट बघून लगेच ओळखलं," तो म्हणाला. "साडूभाऊ, किती वेळ राहता हो? मला तर चार श्वासांच्या पुढे जमत नाही!"

"ते राहत नाहीयेत," बायको म्हणाली. "अडकलेत."

साडूने वाकून माझा सदरा वर केला. आमची नजरानजर झाली. तो हसेल म्हणून मी दात आवळून तयार होतो. तो हसला नाही. फळीकडे बघत राहिला. जोडावरून बोट फिरवलं.

"सांधा दिसतसुद्धा नाही," तो म्हणाला. "कसं करता हो हे?"

"आधी मला उतरवा."

त्याने मला कमरेला धरून उचललं, बायकोने खिट्टी ओढली आणि मी सतरंजीवर आलो. साडूही धापा टाकत शेजारी बसला.

"तुम्ही केलेल्या खुर्चीचा फोटो ताईंनी टाकला होता ना," तो म्हणाला, "त्या दिवसापासून आमच्या घरी सुख नाही. आमची ही सारखी म्हणते, 'ताईच्या घरी बघा, माणूस हाताने काय काय करतो.' मीही एक खुर्ची केली. तिच्यावर मांजरसुद्धा बसत नाही. म्हटलं, हाताने नाही जमत तर डोक्याने काहीतरी करू. म्हणून डोक्यावर उभा राहिलो."

मी बायकोकडे पाणी मागितलं. त्यालाही दिलं.

आता साडू सकाळी माझ्याकडे येतो. मी त्याला रंधा धरायला शिकवतो, तो मला वाकायला शिकवतो. फोटो काढायचा नाही, हा नियम माझा. साडू म्हणतो, दुसऱ्याकडे बघायचं नाही, कालच्या स्वतःकडे बघायचं. मला पटलं. काल मी भिंतीला लटकत होतो, आज जमिनीवर आहे. प्रगतीच म्हणायची.

परवा तर कमाल झाली. डोळे मिटून, श्वास सोडत, गुडघे ताठ ठेवून वाकत गेलो, वाकत गेलो आणि बोटांना अंगठा लागला. चांगला टणक, कष्टाच्या माणसाचा. डोळ्यांत पाणी आलं. फोन नाही, अंगठे-बदाम नाहीत. फक्त बायकोला हाक मारली.

"बघ! आज पायाला हात लागला!"

ती बघत राहिली. कौतुकच असणार.

"अहो," ती म्हणाली, "तो स्टुलाचा पाय आहे."

आणि स्टूल मीच केलेलं.