वडिवळ्याला निघालेली फटफटी

तात्या घाऱ्यांची फटफटी बंद असली की तात्या निर्धास्त असायचे. ती सुरू झाली की मात्र त्यांचं जेवणातलं लक्ष उडायचं.

मी उलटं सांगतेय असं वाटेल तुम्हाला. पण लोणावळ्याला आमचा संसार त्यांच्या घराला लागूनच होता, मधे फक्त निरगुडीचं कुंपण. त्यामुळे हा प्रकार मी रोज पाहिलाय. एखाद्या सकाळी त्यांच्या अंगणात कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज व्हायचा, मग फटफट सुरू व्हायची, कोंबड्या जीव घेऊन आमच्या परसात यायच्या. आमचे हे तोंडाला दाढीचा साबण तसाच ठेवून कुंपणाशी धावायचे आणि ओरडायचे, "तात्या, झाली की हो सुरू!" तात्यांच्या कपाळाला आठ्या. दोन्ही हात कमरेवर ठेवून ते गाडीकडे संशयाने बघत राहायचे. मग ती बंद करायचे आणि म्हणायचे, "चालली खरी. पण का चालली?"

की लगेच पाना हातात आणि गाडी खोलायला सुरुवात. गाडी बंद का पडली हे शोधणारी माणसं पुष्कळ असतात. ती चालली का, हे शोधणारे मला आयुष्यात तात्या एकटेच भेटले.

तात्या मूळचे औंढ्याचे. स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होते. काळी टोपी, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, दिवसभर लोकांच्या आंब्याच्या करंड्यांवर शिक्के मारायचे. यंत्राचं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे ते स्वतःच मोकळेपणी सांगायचे. "आपून खोलत जायचं, वहिनी. खोलल्याबिगर कळत न्हाई." खोलून झाल्यावर सगळं परत बसवायचे आणि दर वेळी एखादा तुकडा बाहेर उरायचा. तो ते एका डब्यात टाकायचे. डबा भरत गेला तशी गाडी हलकी होत गेली, आणि हलकी झाल्याने चांगली पळते असं त्यांचं मत पडलं.

ही फटफटी मागच्या लढाईतली. घाटाच्या तोंडाशी एका साहेबाचा बंगला होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात राहिली. खुराडं मोकळं होतंय या आनंदात बंगल्याच्या माळ्याने ती तात्यांना देऊन टाकली. घरी आणली तेव्हा तिच्या पुढच्या दिव्यात दोन अंडी निघाली. हौसाकाकूंनी त्यांचं कालवण केलं. गाडीपासून त्या घराला झालेला एवढाच काय तो फायदा.

हौसाकाकू म्हणजे तात्यांच्या बायको. घरात माणसं ही दोनच, मूलबाळ नव्हतं. काकूंच्या घरात कुठलंही भांडं रिकामं नसायचं. परातीत चाकाची कडी, वाटीत रॉकेल आणि रॉकेलात स्क्रू, देवाच्या ताम्हनात स्प्रिंगा. पाहुणे आले की काकू निमूटपणे पत्रावळी काढायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, वैताग नाही येत?" तर म्हणाल्या, "अगं, येतो की. पर दारू पीत न्हाईत, पत्ते खेळत न्हाईत. खोलत्यात तर खोलू दे."

पुढे तात्यांनी गाडीला शेजारी एक बैठक जोडायला घेतली. मोडक्या टांग्याची गादीची बाजू सुताराकडून कापून आणली. तिला खालून एक चाक, वर छत्री अडकवायला नळी, पाय टेकायला पाट, मागे टोपली बांधायला कड्या. कारण माहेरी जाणारी बाई रिकाम्या हाताने जात नाही. हो, ही सगळी तयारी काकूंना माहेरी न्यायची होती. काकूंचं माहेर वडिवळ्याला. आगगाडीने कामशेतला उतरायचं आणि तिथून बैलगाडी. रेल्वेतला माणूस, फुकटचा पास खिशात! पण तात्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं की हौसा आता माहेरी जाईल ती फटफटीतून, थेट दारापर्यंत. मधे कुठं उतरणं नाही, काही नाही.

सणाला लेकीला न्यायला माहेरून मुराळी येतो. काकूंचा धाकटा भाऊ किसन दर पंचमीला, दर दिवाळीला यायचा. ओसरीवर सुट्ट्या भागांमधून वाट काढत बसायचा.

"दाजी, बैलगाडी कामशेताला हुबी हाय. आक्काला धाडा की."

"धाडतो कशाला? मीच घेऊन येतो. दारात आनून सोडतो."

"कवा पर?"

"हे येवढं बसवलं की झालं."

किसन जेवायचा, मान हलवायचा आणि एकटाच परत जायचा. मुराळ्याने रिकामं परतणं बरं नव्हे. पण काकू कधी हट्टाला पेटल्या नाहीत. "येवढं मनावर घेतलंय त्येंनी, तर जाऊ त्येंच्याच गाडीतनं," म्हणायच्या. आणि बैठकीसाठी गोधडी शिवायला बसायच्या. तिकडे त्यांची म्हातारी आई डोळ्यांनी अधू झालेली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की लेक फटफटीतून येणार आहे. किसन सांगायचा, ती दारातच बसून असते, फटफटीचा आवाज आला का विचारते.

एकदा तर गाडी पार कामशेतच्या अलीकडच्या मळवलीपर्यंत जाऊन आली. काकूंच्या वजनाचं म्हणून बैठकीत भाताचं पोतं बसवलं होतं, त्याच्यावर छत्री उघडलेली. गल्लीतल्या दोघी-तिघींनी त्या पोत्याला "निघालात का काकू?" म्हणून हात केला. तात्या परत आले तेव्हा आमच्या ह्यांनी पेढे वाटायची तयारी केली. "उद्याच निघा, तात्या!" दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तो अंगणभर सामान पसरलेलं आणि मधोमध तात्या. गाडीचा पट्टा गळ्यात. "चालली खरी, वहिनी. पण..." मी पुढचं ऐकायला थांबलेच नाही. इतका संताप आला होता मला.

त्या वर्षी दिवाळीत किसन आला तो ओसरीवर बसलाही नाही. "आयेचं काय खरं न्हाई आता, दाजी. आक्काला आत्ताच न्हेतो." काकूंनी गाठोडं बांधलंच होतं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांचा चेहरा पांढराफटक. "हौसा, एक रात थांब. उद्या सकाळच्याला मी स्वता नेतो. शप्पथ." काकूंनी गाठोडं खाली ठेवलं. किसन एकटाच गेला.

सकाळी फटफटी पहिल्याच लाथेला सुरू झाली. काकू नवं लुगडं नेसून बैठकीत बसल्या, मांडीवर गाठोडं. मी हळदकुंकू लावलं. आता निघाले म्हणून मी हात जोडले, तर तात्या गाडीवर बसून कान देऊन ऐकताहेत. "कायतरी येगळं वाजतंय." मला काहीच वेगळं वाजत नव्हतं, ह्यांनाही नव्हतं. "घटकाभर बस, हौसा," म्हणून तात्या उतरले आणि त्यांनी पाना घेतला. आमचे हे हात जोडून म्हणाले, "तात्या, आगगाडीची वेळ आहे अजून." त्यांना ऐकूच आलं नाही. ऊन डोक्यावर आलं. काकू बसल्या होत्या तिथेच, छत्रीखाली.

वडिवळ्याचा माणूस सांगावा घेऊन आला तेव्हाही त्या तिथेच होत्या. म्हातारी सकाळीच गेली होती.

मग ती दोघं आगगाडीने गेली. तात्यांच्या हातांना काळं तेल तसंच होतं, ते धुवायचं त्यांना सुचलं नाही. स्टेशनावर काकू पुढे आणि तात्या मागे.

परत आल्यावर तात्यांनी गाडी जोडली. या खेपेला बाहेर एकही तुकडा उरला नाही. ती चालूही झाली. तात्यांनी ती बंद केली आणि तिच्यावर ताडपत्री घातली. पुन्हा कधी खोलली नाही. संध्याकाळी ऑफिसातून येऊन ते नुसते ओसरीवर बसून राहायचे. आणि मला मेलीला, इतकी वर्षं त्या ठोकाठोकीला वैतागलेलीला, ते अंगण बघवत नसे.

पण माझा राग गेला नव्हता. एक दिवस काकू बैठकीतली गोधडी काढून धुवायला बसल्या होत्या, तेव्हा मी बोललेच. "काकू, खरं सांगू? तात्यांनी तुमची आईची भेट घालवली. एवढा कसला हट्ट तो?"

काकू गोधडी पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "हट्ट न्हाई गं. भ्या."

"कसलं भय?"

"माज्या पयल्या खेपंला ह्ये मला म्हायेरी सोडाया निगालते. सातवा म्हैना सरत आलता. वड्याला पानी, म्हनून बैलगाडी काय कामशेताला आली न्हाई. ह्ये म्हनलं, चल, जवळ तर हाय, चालत जाऊ. पाऊस लय हुता. तितं पोचलो आन् रातीच..." त्यांनी गोधडीचा पिळा घट्ट आवळला. "पोरगा हुता. मग परत काय झालंच न्हाई. तवापासनं त्येंच्या मनानं घेतलंय, मी हिला चालवली म्हनून झालं. आता गाडी वाटंत बंद पडली तर मला परत चालावं लागंल, ह्येच भ्या. म्हनून सारखं खोलत्यात."

मी विचारलं, "हे तात्या बोलले तुमच्याशी?"

"त्ये कशाला बोलत्यात. मला कळत न्हाई व्हय?" काकूंनी गोधडी झटकून दोरीवर टाकली आणि तिच्याआडूनच म्हणाल्या, "पर त्या दिशी मी तरी बोलाया पायजे हुतं. बंद पडली असती तर पडली असती. मी चालली असती की. आयेसाठी पार वडिवळ्यापातुर चालली असती. येवढं एक मला त्येंला सांगता आलं न्हाई बग."

"मग आता सांगा ना, काकू. निदान आता तरी."

तेवढ्यात फाटक वाजलं. तात्या आले होते. काकूंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या आणायला आत गेल्या. तात्यांनी पाणी घेतलं, ताडपत्रीकडे पाठ करून ते ओसरीवर टेकले. काकू त्यांच्यापासून हातभर अंतरावर तांदूळ निवडायला बसल्या. मी कुंपणाशी बराच वेळ रेंगाळले, पण त्या काही बोलल्या नाहीत.