खेमचंदशेट आणि नांदायला आलेला सुलतान

खेमचंदशेट साधी छत्रीसुद्धा आठ दिवस घरात नांदवून मगच विकत घेत. विकणारा कुरकुरला की म्हणत, "राव, सून पारखून घेत्यात, मंग छत्रीनं काय घोडं मारलंय?"

जुन्नरच्या पेठेत त्यांचं किराण्याचं दुकान, भिंतीला भिंत लावून माझं भांड्यांचं. घराणं मारवाडचं, जैन; पण शेटजींचं रागावणं, कौतुक, शिंकणंसुद्धा अस्सल जुन्नरी. अडकित्ता असो की दुभती म्हैस, त्यांचा प्रश्न एकच, "नांदंल का?" एक भिंतीवरचं घड्याळ नांदलं नाही. त्याचे ठोके शेटजींना उद्धट वाटले.

प्लेग ओसरून दोनेक वर्षं झाली होती. जंगलखात्याचा साहेब विलायतेला परत निघाला आणि त्याच्या कुत्र्याचा प्रश्न उभा राहिला. सुलतान नाव. उंची वासराएवढी, जबडा परातीएवढा. त्याला फुकट न्यायलाही कोणी धजेना. शेटजींनी ऐकलं मात्र, ठेवणीतली पगडी चढवली आणि मला म्हणाले, "चला भाऊ, स्थळ बघून येऊ."

बंगल्यावर साहेबाचा खानसामा रामजी भेटला. तो आमच्या शेजारच्या डिंगोरे गावचाच. शेटजींनी रीतसर चौकशी मांडली. "कूळ कोन्चं? सोभाव कसा? आई-बाप हायेत?" मग सुलतानकडे पाहून, "जरा चालून दावा." सुलतान चालला. चालता चालता त्यानं शेटजींचं उपरणं खाल्लं.

"खान्याला मोकळा हाय," शेटजी कौतुकानं म्हणाले.

"तसा लई गरीब हाय," रामजी म्हणाला. "रोज रातीला मटान लागतं येवढंच."

शेटजींनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि बंगल्याबाहेर पडले. रामजी मागून धावत आला. "शेटजी, कुनी न्हाई नेलं तर साहेब गोळी घालनार हाय वो त्याला!"

शेटजी थबकले. मुंगी चुकवून पाय टाकणारा तो माणूस. "फुडल्या बाजारापातुर नांदवून बघतो," ते म्हणाले. "पसंत न्हाई पडला तर माघारी."

घरी शेठाणींनी दारातच आवाज चढवला. "आवो, हे कुत्रं हाय का घोडं? उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर बघा!"

"बिबट्या पार पेठंपातुर येतोय. राखनीला नको का?" शेटजी म्हणाले.

तिसऱ्या प्रहरी आमच्या बोक्यानं डोळे वटारले आणि राखणदार साखरेच्या पोत्यांमागे जाऊन लपला. त्याला बाहेर काढायला आम्हा दोघांना कंबर कसावी लागली.

खरी गंमत संध्याकाळी झाली. शेटजी स्वतः दिवस बुडाल्यावर पाण्याचा थेंबही घेत नसत. पण साहेबाघरची सवय म्हणून दिवेलागणीनंतर त्यांनी सुलतानपुढं दूध-भाकरी ठेवली. त्यानं वास घेतला, तोंड फिरवलं आणि तो घोरू लागला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी शेटजी पेठभर सांगत सुटले, "रातीचं खात न्हाई! म्या सांगितलं न्हाई, सोताच्या मनानं! मागल्या जल्मी नक्की आपल्यातला आसंल!" त्याचं नाव सुलतानचंद झालं. देवळातली दोन वडीलधारी माणसं दर्शनाला येऊन गेली. सुलताननं त्यांचे पाय चाटले, तेव्हा एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या बायकोला मात्र परसातून वेगळंच दिसलं होतं. सूर्य डोंगराला टेकायच्या आधी शेठाणी मागच्या दारी बसत आणि तुपात भिजवलेल्या पोळ्या एकेक करून त्या जबड्यात घालत. वर गोडाचा शिरा. "मेल्या, तुला कोनी बोलावलं व्हतं?" म्हणत त्याचं तोंडही पदरानं पुसत. एवढं चेपल्यावर रात्री तो काय जेवणार? आम्ही दोघांनी ही गोष्ट पोटात ठेवली. पुढच्या दारी शेठाणींचं चालूच होतं, "हे ध्यान कवा जानार?" आणि त्यावरून नवरा-बायकोची दिवसभर जुंपलेली असे.

बाजारच्या दिवशी रामजी हजर झाला. शेटजी साखळी धरून ओट्यावर बसले होते.

"काय ठरलं?"

"घोरतोय," शेटजींनी सुरुवात केली. "लाळ गाळतोय. बोक्याला भितोय. वळकट्यांवर लोळतोय. एक गुन सांगायला न्हाई."

"मंग नेऊ?" रामजीनं साखळीला हात घातला. माघारी गेला तर साहेबाची गोळी, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. सुलतान रामजीकडे बघून शेपूट हलवत होता.

शेटजींनी साखळी सोडली नाही. उलट हाताला आणखी एक वेढा दिला.

"नगं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले आणि आवाज अगदी खाली आणला. "आमची लेक चंपी प्लेगात गेली ना भाऊ, तवापासनं ही माज्याशी बोलत न्हवती. ताट वाढायची, सरकवायची, उठून जायची. म्या लई परकारं बोलून बघितलं. ह्यो दारात आला आन् पयल्यांदा माज्यावर वरडली."

सगळ्या पेठेशी बडबडणारा हा माणूस, आणि घरी त्याला साधं 'ओ' म्हणायला कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. रामजीनं साखळीवरचा हात काढून घेतला.

तेवढ्यात आतून शेठाणींचा आवाज कडाडला, "आवो, त्या मुक्या जिवाला उनात का बशिवलंय? अक्कल गहान टाकली का?"

शेटजींचा चेहरा फुलला.

"ऐकलंत?" ते म्हणाले.