ढगेबाबूंचे तीन पिपे

आलूबोंडा खाऊन झाला की ढगेबाबू त्याखालचा कागद चष्म्याजवळ धरून तपासत. तेल जिथवर पोचलं असेल तेवढा तुकडा फाडून हिरव्या पिप्यात, कोरडा तुकडा निळ्या पिप्यात. मगच हात धुवायला जात.

नव्वदच्या दशकात पुलगावच्या एका बियाणे कंपनीच्या कचेरीत आम्ही कामाला होतो. ढगेबाबू स्टोअरकीपर. नागपूरला कचऱ्यावरचं कसलंसं शिबिर होतं, दुसरं कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून साहेबांनी त्यांना पाठवलं. परत आले ते तेलाचे तीन रिकामे पिपे शोधतच. हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा कागदाला, लाल काच-प्लास्टिकला. रंग वाळताच ते आपल्या खुर्चीसमोर मांडले आणि आमची शांतता संपली.

कागद टाकायचा तर आधी टाचणी काढा. चहा गाळलेली पत्ती हिरव्यात, तिचं पाकीट लालमध्ये. कोणी घाईचं कारण सांगितलं की विचारत, ‘‘काऊन, गाडी सुटून राह्यली का?’’ एकदा साहेबांनी अर्धा पेरू निळ्या पिप्यात टाकला. ढगेबाबूंनी तो चिमट्यात धरून थेट त्यांच्या टेबलापाशी नेला आणि हा कागद आहे का, असं अदबीनं विचारलं. साहेब उठले आणि पेरू हिरव्या पिप्यात टाकून आले.

‘‘कचरा नोको म्हनू बाप्पा, मिसळलं म्हनून त्याचा कचरा झाला,’’ हे वाक्य आम्हाला दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागे.

शेवटी टायपिस्ट लताबाईंनी युक्ती काढली. सगळ्यांनी काही दिवस बिनचूक टाकायचं, म्हणजे यांना बोलायला जागाच उरणार नाही. आम्ही कंबर कसली. ढगेबाबू फूटपट्टीनं पिपे ढवळून बघत, काही सापडेना. खूश होऊन त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

मग मात्र ते गप्प होत गेले. काम संपलं की खिडकीबाहेर बघत बसत. सुटी झाली तरी चपराशी कुलूप घेऊन येईपर्यंत हलत नसत.

एका संध्याकाळी नाचणगावच्या रस्त्यानं मी त्यांच्यासोबत चालत निघालो. सायकल हातात धरून तेही चालत होते. तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, ठणठणीत आहे. पत्नी वारल्याचं मला ठाऊक होतं. मुलगा भिलाईला नोकरीला. घरी रेडिओ लावतो, पण तो आपल्याला उत्तर देत नाही, असं ते सांगू लागले. थोडं चालून थांबले.

‘‘इथं दिवसभर तुमच्याशी भांडत होतो, तं घरी गेल्यावर बरं वाटे. आता तुमी सारे शाने झाले.’’

दुसऱ्या दिवशी डबा खाल्ल्यावर केळ्याची साल निळ्या पिप्यात टाकली आणि जागेवर येऊन बसलो.

थोड्या वेळानं फूटपट्टी थांबली. हे कोणाचं काम, असा आवाज कचेरीभर घुमला. मी हात वर केला. ढगेबाबू खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले. कागद भिजला की कबाडीवाला घेत नाही इथपासून सुरुवात झाली, ती माझ्या पिढीच्या बेफिकिरीपर्यंत गेली. लताबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी ढगेबाबूंच्या चेहऱ्यावर तजेला दिसत होता.

मनासारखं बोलून झाल्यावर त्यांनी साल उचलून हिरव्या पिप्यात टाकली. जाता जाता माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले,

‘‘उद्याबी चुकजो.’’