बाईंच्या गळ्यासमोरची झडप

"एसी आहे?" अंबाबाईंनी गाडीत डोकावून विचारलं.

"आहे की!" स्टिअरिंगमागून चिदंबर म्हणाला. "आमच्या वीथीत पहिली एसी गाडी. अजून सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नाही, पहा."

"मग आम्ही बसनं येतो," अंबाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डिकीत ठेवलेली पेटी परत बाहेर काढली.

ती पेटी त्यांच्या थोरल्या बहिणीची, चंद्रमतीबाईंची. तंजावरकडच्या मराठी घरांत हरिकथा करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, आणि त्यांत बाईंच्या तोडीचं कुणी नव्हतं. कथा तमिळमध्ये रंगात आली की बाई मध्येच अशी एखादी मराठी साकी सोडायच्या, की ज्या पोरांना मराठी फक्त आई रागावली की कळायचं, त्यांचेही डोळे भरून यायचे. त्या गळ्याची राखण अंबाबाईंकडे होती. दोन फ्लास्क, शाल, मफलर आणि मिऱ्यांची पुरचुंडी घेऊन त्या सावलीसारख्या बहिणीमागे असायच्या. पंखा, बर्फ आणि दही यांना बाईंच्या आसपास फिरकायची सोय नव्हती.

बाळकृष्णराव तंजावरच्या रामनवमी उत्सवाचे चिटणीस, आणि यंदाच्या कथेसाठी बाईंना न्यायला ते स्वतः आले होते. माणूस भला, पण पाहुणचार अंगाशी यायचा. मागल्या वर्षी हरिकथेला आलेल्या बुवांना त्यांनी मोठ्या प्रेमानं बर्फ घातलेलं रोझमिल्क पाजलं, आणि सीतास्वयंवर रंगायच्या आतच बुवांचा गळा बसला. शिवधनुष्य जागच्या जागी राहिलं आणि लोक प्रसाद खाऊन घरी गेले. तेव्हापासून वीथीतली, म्हणजे गल्लीतली, माणसं त्यांना पाठीमागं 'रोझमिल्कराव' म्हणत, आणि अलीकडे तर पुढ्यातही म्हणू लागली होती. यंदा पुन्हा गळा बसला असता तर चिटणीसपद जाणार हे नक्की होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना त्याची तेवढी भीती नव्हती. पोरवयात देवळाच्या खांबाला टेकून त्यांनी चंद्रमतीबाईंची कथा ऐकली होती, आणि त्या दिवसापासून हा आवाज आपल्या उत्सवात आणायचाच, एवढी एकच इच्छा त्यांनी जपली होती. तोच आवाज आपल्या हातून बिघडावा, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

"बाई, तुम्हांला बसनं नेऊं म्हणतां?" ते कळवळून म्हणाले. "या उन्हात? एसी लावतच नाही आम्ही. चिदंबरा, लावायचा नाही."

चिदंबर त्यांचा मेव्हणा. पाण्याचे पंप विकून त्यानं ही गाडी घेतली होती, आणि एसी लावायचा नाही म्हणजे हत्ती घेऊन त्याच्यावर बसायचं नाही असं त्याचं मत होतं. पण भावोजींपुढं तो काय बोलणार? तेवढ्यात चंद्रमतीबाई पुढच्या सीटवर जाऊन बसल्यासुद्धा. "मागं बसलं की मला गाडी लागते, अंबे," त्या शांतपणे म्हणाल्या. मग अंबाबाई दोन्ही फ्लास्क मांडीवर घेऊन बाळकृष्णरावांशेजारी मागं बसल्या, आणि गाडी निघाली.

पापनाशमच्या अलीकडेपर्यंत काचा उघड्या होत्या. पण उडदाची काढणी नुकतीच झालेली. शेतकऱ्यांनी उडीद मळायला रस्त्यावरच पसरला होता, आणि पुढची लॉरी त्याच्यावरून गेली तसा भुशाचा लोट गाडीत शिरला.

"काचा!" अंबाबाई ओरडल्या. "अस्क्या काचा वर करा! गळ्यात भुसा गेला तर कथा मी सांगूं?"

अस्क्या म्हणजे सगळ्या काचा वर झाल्या. बंद गाडी उन्हात अशी तापली की सीटवरच्या प्लॅस्टिकला बाळकृष्णरावांची पाठ चिकटली. बाईंच्या कपाळावरून घामाची धार निघालेली पाहून अंबाबाई पुन्हा ओरडल्या, "अय्यो! हा घाम छातीत जिरला की झालं!"

"म्हणून म्हणतो," चिदंबर हळूच म्हणाला, "जरा एसी. बाईंच्या अंगावर नाहीच सोडायचा. आत झडपा आहेत, भावोजी! ही कळ सरकवली की एक झडप मिटते, दुसरी उघडते. वारा एकच, पण हवा तर तोंडाला, हवा तर पायाला, हवा तर काचेला. कल्लणैच्या धरणावर कावेरीचं पाणी वाटून देतात की नाही? तसं."

बाळकृष्णरावांना हे मनापासून आवडलं. एवढ्याशा पेटीत कुणीतरी इतका विचार करून दारं बसवली, याचं त्यांना भारीच कौतुक वाटलं. "बेष आहे रे!" ते म्हणाले. "पायाला सोड."

कळ सरकली. आत कुठंतरी 'टक्' झालं, आणि गार वारा बाईंच्या पायांवर वाहू लागला. गाडीत जीव आला.

"पायाला?" अंबाबाई म्हणाल्या. "गारठा तळव्यातूनच तर चढतो. तळव्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून गळ्यात. आमची अम्मा असंच सांगायची."

"मग काचेला," चिदंबर म्हणाला, आणि त्यानं कळ दुसरीकडे ओढली.

आता चिदंबरच्या बायकोची, राजमची, एक गोष्ट सांगायला हवी. गाडी आल्या दिवसापासून ती रोज सकाळी तिची पूजा करी. पुढच्या काचेखाली एक लांबट फट होती. ते गाडीचं कपाळ, असं तिनं ठरवलं होतं, आणि रोज चिमूटभर विभूती नि चार अक्षता तिथं वाहिल्याशिवाय ती नवऱ्याला किल्ली देत नसे. विभूती रोज दिसेनाशी व्हायची; देवानं घेतली असं ती समजे. देवानं काही घेतली नव्हती. काचेकडची झडप उघडली, आणि आजवरची सगळी विभूती अक्षतांसकट एका दमात बाहेर आली.

गाडीत पांढरा ढग झाला. चिदंबरनं कशीबशी गाडी एका नारळाखाली थांबवली. धुरळा बसला तेव्हा चौघंही नुकतेच हिमालयातून उतरल्यासारखे दिसत होते. अंबाबाईंच्या केसांत अक्षता होत्या. चंद्रमतीबाई तोंडावर पदर धरून गदगदा हलत होत्या.

"अक्काला खोकला लागला!" अंबाबाईंनी फ्लास्क उघडला. खरं तर बाई हसत होत्या, पण मागून कुणाला दिसावं?

अंगवस्त्रानं सगळं पुसून झाल्यावर बाळकृष्णरावांनी सूत्रं हातात घेतली. वारा समोरच्याच वाटेला सोडायचा, पण गाडीच्या मध्यावरच्या दोन जाळ्यांपैकी बाईंच्या बाजूची झडप मिटून टाकायची, म्हणजे गार हवा चिदंबरला लागेल आणि बाईंना नुसता गारवा पोचेल. प्रत्येक जाळीशेजारी झडपेचं एक छोटं चाक होतं. बाळकृष्णराव दोन सीटांच्या मधून वाकले, बाईंच्या बाजूचं चाक फिरवून झडप घट्ट मिटली, हात लावून खात्री केली, आणि मागं टेकले. चटकन सुचलेल्या या तोडग्यावर ते स्वतःच खूष झाले.

थोड्या वेळानं अंबाबाई म्हणाल्या, "अक्काच्या वेणीतली मल्लिगे हलतेय."

बाळकृष्णरावांनी पाहिलं. वेणीतली फुलं खरोखरच डोलत होती. ते पुन्हा वाकले. झडप सताड उघडी!

"धक्क्यानं उघडली असेल," ते म्हणाले, आणि त्यांनी ती पुन्हा मिटली. अय्यमपेट्टै यायच्या आत ती पुन्हा उघडली होती.

"चिदंबरा, तुझी झडप बिघडली."

"बिघडेल कशी? नवी गाडी आहे, भावोजी!" चिदंबरच्या आवाजात सासुरवाशिणीचा बाप बोलत होता. "माझ्या बाजूची पहा, जागची हलत नाही."

"मग हीच कां उघडते?"

"वाऱ्याचं बळ," चंद्रमतीबाई समोर रस्त्याकडे पाहत म्हणाल्या. "वायुदेवाला कोण अडवणार?"

बाळकृष्णरावांनी अंगवस्त्राची घडी करून जाळीत कोंबली. ती बाईंच्या पायाशी पडली. पुन्हा कोंबली, पुन्हा पडली. इकडे अंबाबाई "घोगरा होणार, आज आवाज घोगराच होणार" असा जप करत होत्या. बाळकृष्णरावांच्या डोळ्यांसमोर मागल्या वर्षीचं न मोडलेलं धनुष्य उभं राहिलं. आता एकच उपाय उरला होता. ते सीटच्या टोकावर सरकले, दोन सीटांमधून मान पुढं काढली, आणि आपलं तोंडच त्यांनी जाळीला लावलं.

"भावोजी, हे काय?"

"तू गाडी चालव."

तंजावर येईपर्यंत ते तसेच होते. गार वारा त्यांच्या नाकातोंडातून घशात, घशातून छातीत जात होता. मान अवघडली, दात वाजू लागले, डोळ्यांतून पाणी आलं. पण बाईंच्या वेणीतलं एक फूल हललं नाही, हे तिरप्या नजरेनं पाहून त्यांना धन्य धन्य वाटत होतं.

संध्याकाळी मंडप भरला. रिवाजाप्रमाणे चिटणीसांनी कलावंताचा परिचय करून द्यायचा असे, आणि बाळकृष्णरावांचा परिचय व्यंकोजीराजांपासून सुरू होई. चालू काळात यायला त्यांना इतका वेळ लागे की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं झोपून उठायची. आज तर त्यांनी जन्मभराचं कौतुक साठवून आणलं होतं. ते माइकपुढं आले, हात जोडले, तोंड उघडलं. आतून नुसता वारा आला.

त्यांनी खाकरून पाहिलं. पुन्हा वारा. मग मागून कुणीतरी म्हणालं, "रोझमिल्क या वेळी स्वतःच प्यायलेत वाटतं!" आणि हशा उसळला. बाळकृष्णरावांनी डोळे मिटून घेतले. हशा सरला तेव्हा चिपळ्या वाजल्या होत्या, आणि उत्सव सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच कथा वेळेवर उभी राहिली होती.

आणि काय तो आवाज! वय झालेल्या बाईंच्या गळ्यातून तो असा मोकळा निघाला की मंडपाबाहेर सायकली टेकवून उभी राहिलेली माणसं चपला काढून आत आली. धनुष्य असं मोडलं की ढोलकीवाला दचकला. धनुष्य असं मोडलं की ढोलकीवाला दचकला. खांबाला टेकून बाळकृष्णराव ऐकत होते. आपल्याला बोलता आलं नाही याचं त्यांना काही वाटेनासं झालं. बोलून तरी यापेक्षा काय सांगितलं असतं?

कथा संपल्यावर अंबाबाई मिऱ्याचं पाणी ऊन करायला गेल्या, तेव्हा बाईंनी बाळकृष्णरावांना खुणेनं जवळ बोलावलं.

"राव, तुमचा गळा माझ्यामुळं गेला."

बाळकृष्णरावांनी जोरजोरानं मान हलवून 'नाही नाही' केलं.

"ऐका. झडप बिघडली नव्हती. मीच उघडत होतें." बाई लहान पोरीसारख्या हसल्या. "पदराखालून बोटानं चाक फिरवायचें. तुमचं अंगवस्त्रही मीच ओढलं. लहानपणापासून शाल, मफलर, ऊन पाणी! मद्रासला, मदुरैला, कुठंही उतरलें की पंखा बंद. आज पहिल्यांदा तोंडावर गार वारा आला, राव. वाटलं, कावेरीत उभी आहें. मनातल्या मनात साकी म्हणत होतें, अशी बेष लागली होती! तेवढ्यात तुम्ही तोंड घालून बसलांत. तिथून तंजावरपर्यंत मला वारा नाही, नुसता तुमच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा वास."

बाळकृष्णरावांचा हात आपसूक आपल्या केसांवर गेला.

"पण मनात म्हटलं," बाई म्हणाल्या, "या गळ्यासाठी आजवर लोकांनी शाली दिल्या, नारळ दिले. आपला गळा कुणी दिला नव्हता. आज धनुष्य मोडलें तें तुमच्यासाठी." त्यांनी हात जोडले, आणि बाळकृष्णरावांना कुठं पाहावं ते कळेना.

दुसऱ्या सकाळी बाईंना तिरुचीला पोचवायचं होतं. त्याच गाडीत, तशाच बसण्याच्या जागा. अंबाबाईंनी आपला मफलर बाळकृष्णरावांच्या गळ्याभोवती गुंडाळला होता, आणि एक फ्लास्कही त्यांना देऊन टाकला होता. चिदंबरनं भीत भीत एसी लावला.

"राव, ती झडप आधी मिटा," अंबाबाई म्हणाल्या.

बाळकृष्णराव दोन सीटांच्या मधून वाकले. बाई समोर रस्त्याकडे पाहत होत्या. बाळकृष्णरावांनी चाकाला बोट लावलं, आणि झडप होती तितकी सगळी उघडली. जाळीही बाईंच्या तोंडाकडे नीट वळवून दिली. मग ते मागं टेकले.

"मिटली?"

बाळकृष्णरावांनी मान डोलावली. पुढं बाईंच्या वेणीतली मल्लिगे वाऱ्यावर खुशाल नाचत होती. अंबाबाईंनी फुलांकडे पाहिलं, बाळकृष्णरावांकडे पाहिलं, आणि त्या सरकत सरकत सीटच्या मधोमध, थेट वाऱ्याच्या वाटेत येऊन बसल्या. त्यांनी खांद्यावरची शाल काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "मिटल्यावर कसं गार वाटतंय!"